मूठभर शिसं

आमच्या तळलेले मासे आणि चिप्सच्या दुकानात बटाटे मशीन सोलतं. मी मशीनच्या हाताखाली आहे. मशीनकडून बटाट्याचे जे डोळे राहून जातात ते सुरीने उकरून काढायचे, एवढंच माझं काम. बायको इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स. तिच्या व्हिसावर मी आलो आणि तिच्या सामानात प्रेशर कुकर आला. दोघांपैकी कुकरचा उपयोग जास्त झाला असं ती म्हणते. मला त्यावर बोलता येत नाही, कारण कुकर निदान शिट्टी तरी वेळेवर देतो.

चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, बाळा, तू गुरांकडे बघ. गुरांचंही माझ्याबद्दल फार बरं मत झालं नाही. इंग्रजी माझं सगळं कानावरचं. मी बोललो की समोरचा आधी हसतो, मग विचार करतो, मग बायकोकडे बघतो.

आम्ही राहतो ते गाव नॉटिंगहॅमपासून गाडीने दोन तास, समुद्राच्या अंगाला. समुद्र म्हणायचं आपलं. रत्नागिरीकडच्या माणसाला दाखवला तर तो विचारेल, गेला कुठे? मैलभर नुसता चिखल, त्यात खाडीसारखे फाटे आणि खारट गवत. भरती आली की पाणी पुढून येत नाही, फाट्याफाट्यांतून गुपचूप मागून येतं. याला मार्श म्हणतात. हिवाळ्यात उत्तरेकडची बदकं इथे उतरतात, हजारांनी.

तर शुक्रवारी दुपारी दुकानात एक म्हातारा यायचा. सत्तरीच्या पुढचा, उंच, गुडघ्यात वाकलेला, अंगात कायम तोच हिरवट कोट. एक हॅडॉक मासा, लहान चिप्स, व्हिनेगर जास्त. मला बघितलं की म्हणायचा, ‘आय अप, यूथ.’ म्हणजे इथलं ‘काय रे, पोरा.’ मी पन्नाशीचा, डोक्यावर मोजून चार केस, आणि हा मला यूथ म्हणतो. मला आवडायचं.

एका शुक्रवारी मी सालांचा डबा मागच्या बाजूला ओतायला गेलो, तर त्याच्या व्हॅनचं मागचं दार उघडं. तो आत ब्लँकेटमध्ये काहीतरी गुंडाळत होता. मला दिसले फक्त बंदुकीचे दोन घोडे आणि नळ्यांखाली अडकवलेला गज. मी डबा तिथेच सोडला आणि मराठीत ओरडलो, ‘आई शप्पथ, ठासणीची!’

आमच्या बापाकडे होती तशी. रानडुकरं भात नासवायची म्हणून सरकारने लायसन्स दिलेलं. ही बंदूक पुढून भरायची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. मागे एक बारकी टोपी बसवायची. तिच्यावर घोडा पडला की बार. हे सगळं होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात जाऊन जेवून परत आलेलं असायचं. बापाने जन्मात दोन डुकरं पाडली. मी एकदा आमचा पाण्याचा हंडा पाडला.

‘तुला ही भरता येते?’ म्हाताऱ्याने विचारलं.

माझं इंग्रजी संपलेलं होतं. दाराशी मॉप होता तो उचलला, उलटा धरला, आणि दारू ओतण्यापासून सगळं त्याला करून दाखवलं. शेवटी तोंडाने ‘ढाम्’ केलं. मालक दारात येऊन उभा होता. म्हणाला, ‘मारून झालं असेल तर आता फरशी पूस.’

म्हातारा हसला नाही. त्याने विचारलं, ‘दारूवरचा बोळा किती दाबतोस?’

या देशात येऊन मला आठ वर्षं झाली होती. ज्याचं उत्तर मला येतं असा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला.

बंदूक त्याच्या पणज्याची. मार्शवर जायचं म्हणजे तिथल्या शिकारी क्लबचं परमिट लागतं. ते त्याच्या घरात आजोबापासून चालत आलेलं. क्लबातले बाकीचे सगळे साधी काडतुसांची बंदूक घेऊन येत, ठासणीची हा एकटाच वापरायचा. त्याच्या बोटांचे सांधे सुजलेले, ती बारकी टोपी त्याच्या चिमटीत राहीना. म्हणून तर त्याला मी बरा सापडलो. मी भरायचं, आणि एक बार त्याचा, एक बार माझा. पाहुणा म्हणून तो मला नेऊ शकत होता, पण माझं स्वतःचं बंदुकीचं सर्टिफिकेट, म्हणजे लायसन्स, हवं होतं. त्यासाठी पोलीस घरी आला, चांगला माणूस, आमच्या किचनमध्ये बसून चहा घेतला. ‘घरात भांडणं होतात का?’ त्याने विचारलं. बायको म्हणाली, ‘भांडण कसलं? मी बोलते, ते ऐकतात.’ त्याने ते लिहून घेतलं. मला वाटतं त्याच वाक्यावर सर्टिफिकेट मिळालं.

पहिल्या दिवशी मार्शवर जाण्याआधी म्हाताऱ्याने व्हॅनमध्ये बसवून मला एक गोष्ट सांगितली. मला तेव्हाच नीट ऐकायला हवी होती.

तरुण असताना त्याला एका फाट्यात हंस सापडला. जिवंत, पण मान उचलता येत नव्हती. मान आपल्याच पाठीवर टाकून पडलेला. बदकं, हंस असले पक्षी दाणे भरडायला खडे गिळतात. त्या खड्यांबरोबर चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही गिळतात, आणि शिसं त्यांच्या अंगात भिनतं. म्हाताऱ्याने तो हंस कोटाखाली घालून घरी आणला. तीन दिवस किचनच्या फरशीवर ठेवला. मग तो मेला. त्याला कापून बघितला तेव्हा पोटात काय निघालं ते म्हाताऱ्याने सांगितलं नाही. नुसती चिमूट करून दाखवली. एवढंच.

त्यानंतर तो क्लबच्या मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, शिसं सोडा. कायदा यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. लोक चिडले. शिशाशिवाय पक्षी पडतो का, म्हणाले. दोघांनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. पुढे कायदा आला आणि शिसं बंदच झालं, पण त्या दोघांचा राग काही गेला नाही. बाकीचे स्टील वापरायला लागले. याच्या जुन्या, मऊ लोखंडाच्या नळ्यांना स्टीलने ओरखडे पडतात, म्हणून हा बिस्मथ नावाच्या धातूचे छर्रे आणायचा. ‘या मार्शवर माझ्या हातून शिसं पडणार नाही,’ तो मला म्हणाला. ‘तुझ्याही नाही. समजलं?’

‘समजलं, काका,’ मी म्हणालो. मी त्याला काकाच म्हणायचो.

त्याच्या शेडमध्ये खिळ्याला एक चामड्याची थैली टांगलेली होती. त्याच्या बापाची. अर्धी भरलेली, जुन्या शिशाच्या छर्ऱ्यांनी. ‘आठवण म्हणून आहे,’ म्हणाला. ‘बापाची आठवण ओतून कशी टाकणार?’

पहिल्या हिवाळ्यात मी एकही पक्षी पाडला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, नाताळ आला तरी, तेच. ठासणीच्या बंदुकीचा एक फायदा सांगतो. धूर एवढा होतो की लागलं का चुकलं ते धूर जाईपर्यंत कळत नाही. ती चार-पाच सेकंदं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. मग धूर जायचा आणि म्हाताऱ्याची काळी लॅब्राडोर कुत्री माझ्याकडे बघत असायची. आमच्या मास्तरांचीच नजर. पुढे पुढे तर माझा बार असला की ती उठायचीच नाही.

क्लबातले लोक दुकानात यायचे. ‘काय यूथ, पक्षी नाही का आज? मासा दे मग.’ बायको म्हणायची, ‘अहो, आज काय आणलंत? चिखल? टबमध्ये ठेवा, उद्या शिजवते.’

आता माझा स्वभाव असा की दोष आपला असेल हे मला जन्मात सुचलेलं नाही. चौथीत दोष मास्तरांचा होता, हंड्याच्या वेळी हंड्याचा. इथे मी ठरवलं की दोष बिस्मथचा. शिशापेक्षा ते हलकं, हातात घेतलं की कळतं. बापाने डुकरं पाडली ती शिशाने. हे आपलं साहेबांचं नाजूक काम, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हाताऱ्याचा बार त्याच बिस्मथने लागायचा, अधूनमधून का होईना लागायचा, हे मला दिसत होतं. तरी बसलं.

जानेवारी संपत आला होता. त्या पहाटे म्हातारा घरात फ्लास्कमध्ये चहा भरत होता आणि मी शेडमध्ये बंदुकीचं सामान घेत होतो. खिळ्यावरची थैली काढली, हात घातला, मूठभर छर्रे कोटाच्या डाव्या खिशात टाकले, थैली परत लावली. कुत्री बघत होती. मी तिला मराठीत म्हटलं, ‘एकच मूठ गं. एवढा मोठा चिखल आहे.’

दव गोठलेलं होतं. आम्ही दोघं एका फाट्यात कडेला टेकून बसलो. उजाडायला लागलं तशी विजन आली. ही बदकं शिट्टी मारत येतात, आकाशात कुणी पोरीबाळी खिदळताहेत असं वाटतं. दोन्ही नळ्या मी भरलेल्या, खिशातल्या छर्ऱ्यांनी. माझा बार मी काढला. धूर झाला. धूर जायच्या आतच पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि कुत्री उठून गेलेली होती.

काय सांगू. परत आली तेव्हा तोंडात विजन होती आणि ती माझ्याकडे माणसाकडे बघावं तशी बघत होती.

‘शाब्बास, यूथ!’ म्हाताऱ्याने माझी पाठ थोपटली. मी पुन्हा भरली. पुन्हा पाडली. तासाभरात चार विजन माझ्या नावावर. म्हाताऱ्याने अजून बार काढला नव्हता. मला मारताना बघून खूश होत बसला होता.

मग एक पिनटेल आला, एकटाच, खूप उंच. लांब शेपटीच्या बदकांतला देखणा नर. एवढ्या उंचावर कुणी बार काढत नाही. म्हाताऱ्याने हात पुढे केला. मी बंदूक दिली. डावी नळी भरलेली होती, त्याच छर्ऱ्यांनी. ‘थांबा काका’ एवढे दोन शब्द. मराठीत म्हटलं असतं तरी त्याला कळलं असतं. मी म्हटलं नाही. तो गुडघ्यावर कसाबसा उठला, नळी पक्ष्याच्या पुढे नेली, चाप ओढला. पिनटेल वरच्या वर दुमडला आणि पडतच राहिला. एवढा वेळ पडत राहिला की मला वाटलं, पडतच नाही आहे.

कुत्रीने तो आणला. म्हाताऱ्याने तो मांडीवर घेतला, बोटाने त्याची पिसं नीट केली.

‘साठ वर्षांत एवढ्या वरचा मला लागलेला नाही,’ तो म्हणाला. ‘माझा हा शेवटचाच असेल. असू दे. असा असेल तर असू दे.’

मी म्हणालो, ‘फार छान, काका.’

नंतर महिनाभर त्याने ती गोष्ट सगळ्या गावाला सांगितली. पोस्टात, फार्मसीत, आमच्या दुकानात हॅडॉकच्या रांगेत. त्याच्याशी न बोलणारे दोघं एका शुक्रवारी रांगेत उभे होते, त्यांच्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, ‘बिस्मथ! लोक म्हणतात वरपर्यंत पोचत नाही. पिनटेलला विचारा!’ मी मागे बटाट्याचे डोळे काढत होतो.

मी तेव्हा गप्प राहिलो त्याचं मला फार वाटलंही नाही. खरं सांगतो. मला वाटलं, म्हातारा खूश आहे, मी खूश आहे, पक्षी फ्रीजरमध्ये आहेत. यात कुणाचं काय गेलं?

फेब्रुवारीत सीझन संपला की क्लबचं जेवण असतं, गावच्या हॉलमध्ये. प्रत्येकाने आपापल्या फ्रीजरमधले पक्षी आणायचे. दरवर्षी एक बाई ते ओव्हनमध्ये वाळवतात आणि लोक ग्रेव्ही ओतून गिळतात. या वर्षी मी म्हणालो, मी करतो. सगळ्यांच्या पक्ष्यांची एक मोठी करी केली. पण आमचे पक्षी मी त्यात घातले नाहीत. आमच्या चार विजन आणि पिनटेल वेगळ्या पातेल्यात, भाजलेलं खोबरं, कांदा, सासूने पाठवलेला मसाला. ते पातेलं मी स्वतः वाढायला घेतलं. आणि गप्प वाढावं की नाही? नाही. मी डाव पातेल्यावर वाजवला आणि ओरडलो, ‘हे स्पेशल! हे फक्त ठासणीच्या बंदुकीचं! माझं आणि काकांचं!’

टाळ्या वाजल्या. चाळीसएक माणसं. मला आयुष्यात कुणी टाळ्या वाजवलेल्या नव्हत्या. बायकोसुद्धा हसत होती, आणि ती माझ्यावर नाही, माझ्याकडे बघून हसत होती.

क्लबचा सेक्रेटरी पहिल्याच टेबलावर. सावकाश खाणारा माणूस. दोन घास झाले आणि त्याने तोंडातून काहीतरी चमच्यात काढलं. सगळे हसले, छर्रा निघणं काही नवीन नाही. ‘दात आहे का गेला?’ कुणीतरी विचारलं. तो हसला नाही. त्याने छर्रा पुसला, दातात धरून हळूच दाबला, पुन्हा बघितला. मग उठला, दार उघडं ठेवायला एक लोखंडी वजन असतं ते आणलं, छर्रा फरशीवर ठेवला आणि वर ते वजन आपटलं.

बिस्मथ ठेचलं की त्याचा भुगा होतो. हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. हे मलाही म्हाताऱ्यानेच एकदा करून दाखवलं होतं. सेक्रेटरीने वजन उचललं. खाली छर्रा चपटा होऊन फरशीला चिकटला होता, टिकलीसारखा.

सेक्रेटरीने तो नखाने सोडवला, तळहातावर घेतला आणि म्हाताऱ्यासमोर धरला. ‘हे काय आहे?’ अगदी हळू आवाजात.

म्हाताऱ्याने बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी ॲप्रन घालून, डाव हातात घेऊन उभा. त्याला काय काय कळत गेलं ते मला त्याच्या तोंडावर दिसत गेलं. आधी थैली. मग माझ्या चार विजन. आणि मग पिनटेल. पिनटेल कळला तेव्हा त्याने डोळे मिटले.

‘माझं आहे,’ तो म्हणाला. ‘बापाची थैली होती. मीच भरलं.’

‘तू?’ सेक्रेटरी म्हणाला. ‘तू?’

‘मी.’

त्याच्याशी न बोलणाऱ्या दोघांतला एक मागून म्हणाला, ‘वा! आणि आम्हाला हंसाच्या गोष्टी!’

मी गप्प होतो. नंतर मला कारणं पुष्कळ सुचली. सर्टिफिकेट जाईल, पोलीस येतील, व्हिसाला अडेल, बायकोच्या नोकरीवर येईल. चांगली कारणं आहेत, पण ती नंतर घरी सुचलेली. हॉलमध्ये त्यातलं एकही मनात नव्हतं. हॉलमध्ये एवढंच होतं की आत्ताच माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या आणि मला त्या परत द्यायच्या नव्हत्या.

म्हाताऱ्याने कोट घेतला आणि तो गेला. कुत्रीला बाहेर बांधलं होतं, तिचा एकदा भुंकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने लोक पुन्हा जेवायला लागले, मोठ्या पातेल्यातलं. एक बाई माझ्याजवळ आल्या, माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुला कसं वाटत असेल. करी मात्र फार सुंदर झालीय.’

मी म्हणालो, ‘थँक यू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती ड्युटीला निघाली होती, एक बूट पायात, एक हातात. तशीच बसली.

‘अहो, तुम्ही चुकलात त्याचं मला नवल नाही,’ ती म्हणाली. ‘तुमच्या चुकण्याची मला सवय आहे. पण आजवर चुकलात की मार तुम्ही खात होतात.’ दुसरा बूट घातला आणि गेली. आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मी विनोद करायचो, ती भाजी ढवळायची.

क्लबच्या कमिटीने पोलिसांना कळवलं नाही. वयाकडे बघून, म्हणाले. परमिट मात्र काढून घेतलं, कायमचं. म्हाताऱ्याने कार्ड स्वतः जाऊन सेक्रेटरीच्या दारातून आत टाकलं. शुक्रवारी दुकानात यायचा बंद झाला. ते दोघं मात्र यायचे, आणि आमचा मालकही त्यांच्याबरोबर हसायचा. ‘हंसवाले बाबा कुठे असतात हल्ली?’

मार्चमध्ये मी त्याच्या घरी गेलो. तो किचनमध्ये होता, बंदुकीच्या नळ्यांना तेल लावत. इतकं तेल की वर्षानुवर्षं बाहेर काढायची नाही असं दिसत होतं.

‘काका, ते शिसं मी घातलं,’ मी म्हणालो. ‘मी कमिटीला जाऊन सांगतो. आत्ता जातो.’

‘बस,’ तो म्हणाला. मी बसलो. ‘तू जाऊ नकोस. आता सांगितलंस तर मी चाळीस लोकांसमोर खोटं बोललो असं होईल. शिसं झालं. वर खोटं नको.’

‘पण तुम्ही का म्हणालात तुमचं म्हणून?’

‘तू बाहेरचा आहेस. तुला त्यांनी सोडलं नसतं. मला सोडतील असं वाटलं.’ तो थोडा वेळ नळीच पुसत राहिला. ‘साठ वर्षं. मला वाटलं, मला सोडतील.’

मग त्याने फडकं खाली ठेवलं.

‘एक विचारू? डाव्या नळीत काय होतं? पिनटेलच्या बाराला?’

त्याला काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. दोन वेगवेगळे खिसे असू शकतात. डाव्या नळीत आधीचं बिस्मथ राहिलेलं असू शकतं. तो माणूस महिनाभर घरात बसून एवढ्याच एका गोष्टीला धरून होता. मला नुसतं ‘बिस्मथ होतं’ म्हणायचं होतं. जन्मभर मी फुकट थापा मारल्या, बायकोला, मालकाला, मास्तरांना. तिथे नेमका मी खरं बोलायला गेलो होतो ना.

‘शिसंच होतं, काका. दोन्हीत.’

‘बरं,’ तो म्हणाला. आणि फडकं उचललं.

तरी मी जात राहिलो, दर रविवारी. का ते त्यानेही विचारलं नाही. कुत्रीला फिरवून आणायचो, तिच्याशिवाय त्या घरात मार्शवर जाणारं कुणी राहिलं नव्हतं. आणि पत्रं न्यायचो. इंग्रजी पत्र आलं की मी त्याच्याकडूनच वाचून घ्यायचो, आधीपासूनच. बायकोला दिलं की आधी ओरडा मिळतो, अर्थ मागाहून. जुलैत एक पांढरं पाकीट आलं. मला वाटलं कौन्सिलचं असेल, कचऱ्याच्या डब्याबद्दल. तसंच त्याच्या हातात दिलं.

त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागला. त्याची सवयच तशी, आधी सगळं वाचायचं, मग मला समजावून सांगायचं. पत्र क्लबचं होतं. क्लबात माणसं मोजकीच, एक गेला की यादीतला पुढचा घेतात; दोन वर्षांपूर्वी त्यानेच माझं नाव त्या यादीत घातलं होतं, मी विसरून गेलो होतो. ‘कळवण्यास आनंद होतो की क्लबमध्ये एक जागा रिकामी झाली आहे,’ त्याने वाचलं. मी म्हणालो, ‘काका, राहू द्या.’ त्याने हात वर केला आणि पुढे वाचलं. शेवटच्या सहीपर्यंत, तारखेसकट.

‘फॉर्म जोडलाय,’ म्हणाला. ‘पेन दे.’

‘मला नको, काका.’

‘तुला नको?’ त्याने चष्म्यावरून बघितलं.

मला हवं होतं. लाज वाटत होती, पण हवं होतं. तो चिखल, ती पहाटेची शिट्टी, माझ्या नावाचं कार्ड. या देशात माझ्या नावाचं कार्ड म्हणजे लायब्ररीचं, आणि तेही माझ्या हातून हरवलेलं.

त्याने माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सर्टिफिकेटचा नंबर लिहिला. खाली एक वाक्य छापलेलं होतं. त्यावर बोट ठेवून त्याने तेही वाचलं, हळूहळू, एकेक शब्द. मी मार्शवर शिशाचे छर्रे वापरणार नाही, बाळगणार नाही. ‘समजलं?’

‘समजलं.’

‘इथे सही.’

मी सही केली. त्याने फॉर्मची घडी घातली, पाकिटात टाकली, पाकीट जिभेने ओलं करून चिकटवलं, वर आपल्या ड्रॉवरमधला स्टॅम्प लावला. मग ते माझ्या हातात दिलं.

‘जाताना टाक,’ म्हणाला. ‘मला कोपऱ्यापर्यंत चालवत नाही आता.’

कोपऱ्यावरच्या लाल पेटीजवळ मी थांबलो. कुत्री बरोबर होती. मागे वळून बघितलं तर तो खिडकीत उभा होता, पडदा हाताने बाजूला धरून. मी टाकतो की नाही ते बघत होता, का नुसताच बघत होता, कळलं नाही.

मी पाकीट टाकलं.